फुंकर आणि वही

(दृश्य: बडोद्यातला दांडिया बाजार, सकाळ. दाराबाहेर चपला. आत बिडी सोडवण्याच्या उपचाराचा अभ्यास, तपासणी करणाऱ्या ताई.)

"सुटली हो माझी बिडी. महिना झाला," काका सांगतात. सदऱ्याच्या खिशात काडेपेटी आहे. ती कॅमेऱ्याला दिसली, ताईंनाही दिसली. ताई काहीच बोलत नाहीत, यंत्र पुढे करतात.

श्वास भरून घ्यायचा, पंधरापर्यंत रोखायचा आणि मग हळूहळू पार तळापर्यंत सोडायचा. आकडा चढत जातो... ४... ९... १४. १७ वर थांबतो.

हा कार्बन मोनॉक्साईड. बिडीच्या धुरातून तो रक्तात उतरतो, हिमोग्लोबिनला चिकटतो आणि श्वासाबरोबर थोडाथोडा बाहेर पडतो. न ओढणाऱ्याचा आकडा बहुतेकदा १० च्या आत असतो.

"काल लग्न होतं," काका म्हणतात.
"कालची आजपर्यंत एवढी उरत नाही, काका."

खरंच उरत नाही. चार-पाच तासांत हा वायू निम्म्यावर येतो. म्हणजे दिवसभर हात आवरून आलेला माणूस या यंत्राला सहज चकवू शकतो!

(दृश्य: चरोतर. तंबाखूची शेतं.)

बडोद्याहून आणंद-खेडा जिल्ह्यांकडे निघालं की बिडीच्या तंबाखूचा हा मुलूख लागतो. पान इथल्या उन्हात वाळतं, चुरा होतो, तेंदूच्या पानात वळला जातो आणि पानाच्या गल्ल्यागल्ल्यावर पोचतो. त्याच गल्ल्यावर चघळायचा तंबाखू-सुपारीचा मावाही मिळतो. मोजणाऱ्याची खरी पंचाईत मावा करतो.

कारण दुसरी तपासणी लाळेची. निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं आणि ते दोन-तीन दिवस सापडतं. पण बिडी सोडून मावा धरणाऱ्याच्या लाळेतही ते येतं, आणि उपचाराचं निकोटिन च्युइंगम चघळणाऱ्याच्याही. म्हणून ताई आधी विचारतात, "तोंडात काय असतं?" आणि मगच कापूस देतात.

(दृश्य: स्टीलचा डबा, घडी घातलेल्या चिठ्ठ्या.)

कोणाला आठवड्याला समुपदेशन आणि च्युइंगम, कोणाला फक्त पत्रक आणि १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा क्रमांक, हे चिठ्ठी ठरवते. घरात नातू आला म्हणून बिडी सुटते, छातीत कळ आली म्हणून सुटते, भाव वाढला म्हणूनही सुटते. त्याचं श्रेय आपल्या उपचाराला द्यायचं नसेल, तर शेजारी दुसरा गट हवाच.

(दृश्य: वही. फोन वाजतोय, कोणी उचलत नाही.)

आता फळ्याकडे बघा. समजा, ४० जण आले. सहा महिन्यांनी त्यातले १५ परत आले आणि १२ जणांची सुटलेली निघाली. पंधरातले बारा म्हणजे ८० टक्के! शिबिरांच्या बॅनरवर हाच आकडा झळकतो. चाळिसातले बारा म्हणजे ३० टक्के. आम्ही ३०च धरतो. रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेला रसेल निकष हेच सांगतो: सहा महिन्यांत पाचाहून जास्त सिगारेटी नकोत, तोंडी शब्दाला श्वासाची साक्ष हवी, आणि जो आलाच नाही तो ओढतोय असं समजायचं.

पटत नाही अनेकांना. एक कार्यकर्ते आमच्यावर चिडलेही.

हृदयविकार, कर्करोग, दमा हे सगळं या वहीपलीकडचं. दोन गटांतला फरक किती, तो हिशेब अजून चालू आहे.

काका सहाव्या महिन्यात आले तेव्हा कॅमेरा नव्हता. वहीत ताईंच्या अक्षरात ३ लिहिलंय, आणि पुढे बारीक: "मावा?"