शितावरून भात

(दृश्य: नौपाडा, सकाळचे सात. दुसऱ्या मजल्यावरची बेल.)

लॅबचा मुलगा आलाय. आजी बाही वर करतात. "हलक्या हाताने हं, बाळा." जांभळ्या बुचाची नळी भरते. तो ती हिंदकळवत नाही, सावकाश आठ-दहा वेळा उलटसुलट करतो. रक्त गोठायला नको.

आजींना हार्ट फेल्युअर आहे. नाव भयंकर, पण हृदय बंद पडलेलं नाही, पंप थकलाय. संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ खोल उमटतो, रात्री तीन उशा लागतात, आणि ठाणे स्टेशनचा पूल आता एका दमात चढवत नाही.

थकलेल्या हृदयावर शरीर काय करतं? ओरडतं. नॉरअ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक सोडतं. हृदयाच्या पेशींवरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारी प्रथिनं, ते ऐकतात, ठोके जोरकस होतात. चार दिवस ठीक. पण महिनोन्‌महिने हीच आरडाओरड चालली की पेशी कानात बोळे घालते. बोळे घालणारं एन्झाइम म्हणजे जीआरके-2. ते रिसेप्टरवर फॉस्फेट चिकटवतं, मग अरेस्टिन नावाचं प्रथिन संदेश तोडतं आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. 1982 मध्ये अमेरिकेत मायकेल ब्रिस्टो यांच्या गटाने प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली निकामी हृदयं तपासली. रिसेप्टर जेमतेम निम्मे उरले होते.

पण हे मोजायला हृदयाचा तुकडा हवा. आजींकडे तो कोण मागणार?

रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरही बीटा रिसेप्टर असतात आणि आत तेच जीआरके-2. हृदयात ते वाढलं की इथेही वाढतं, हे 2005 मध्ये संशोधकांनी दाखवलं. यांत्रिक पंप बसवून हृदयाला विसावा दिला, तर दोन्हीकडे उतरतं.

शीत मिळालं खरं, पण अगदी त्याच पातेल्यातलं नव्हे. हृदयावर मुख्यतः बीटा-1 प्रकारचे रिसेप्टर, लिम्फोसाइटवर बीटा-2. मला ही खोच विसरण्यासारखी वाटत नाही.

आजींच्या रिपोर्टात जीआरके-2 नसेल. असेल एनटी-प्रोबीएनपी, ताणलेल्या हृदयाने स्वतःच रक्तात सोडलेला प्रथिनाचा तुकडा. आणि गोळ्यांच्या डबीत, सकाळच्या खणात, मेटोप्रोलॉल. ती आरडाओरडच अडवते. एके काळी या आजारात ही गोळी देणं चूक मानलं जायचं! ती चालू असताना हृदयावरचे रिसेप्टर पुन्हा वाढल्याचं दिसलंय.

मुलगा नळी बर्फाच्या डब्यात ठेवून जिना उतरतो. आजी कापूस दाबून धरत आत हाक मारतात, "अगं, टाक गं चहा आता."