गुडघा वाकला, पण सरळ झाला का?

(ठाण्यातल्या नौपाड्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

नमस्कार. पंखा एक घर कमी करता का, म्हणजे मागे ऐकू जाईल. आणि ज्यांचं गुडघा बदलायचं ऑपरेशन झालंय त्यांनी पुढच्या रांगेत या, पाय लांब करायला जागा आहे. काकू, पाय खुर्चीखाली घेऊ नका, समोर सोडा. टाच टेकवून. हां, अस्सा. माझं निम्मं भाषण इथेच झालं.

मी सव्वीस वर्षं घरोघर जाऊन व्यायाम करून घेते. नौपाडा, चरई, पाचपाखाडी. जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, त्यामुळे माझ्याही गुडघ्यांचा व्यायाम होतो. दार उघडलं की चपला काढायच्या आत आकडा कानावर येतो. "मॅडम, आज पंच्याण्णव अंश वाकला!" जसे काही दहावीचे मार्क. मग लगेच तक्रार, "पण शेजारच्या विंगमधल्यांचे एकशे दहा झाले, यांचे का नाही?" मी विचारते, सरळ किती होतो? घरात एकदम शांतता.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून अधिकाराने बोलते. माझ्या आईचा उजवा गुडघा बदलला तेव्हा मी रोज रात्री कोन मोजून कालनिर्णयच्या चौकोनात लिहायची. साठ, अडुसष्ट, पंच्याहत्तर. सगळे वाकण्याचे आकडे. सरळ किती होतो ते एकदाही लिहिलं नाही. दिवसभर मी लोकांच्या घरी, आणि आई दुपारी गुडघ्याखाली लोड घेऊन झोपायची. बरं वाटायचं तिला. वाटणारच, सुजलेल्या गुडघ्याला थोडं वाकून राहायलाच आवडतं, कारण तसं ठेवलं की आतल्या पाण्याला जास्त जागा मिळते. तिसऱ्या आठवड्यात आम्ही तलावपाळीला फेरी मारायला गेलो आणि मागून पाहिलं तर आई एका बाजूला खचून चालतेय. गुडघा पंधरा अंशांत अडकला होता, पूर्ण सरळ म्हणजे शून्यावर येतच नव्हता. फिजिओच्या आईचा!

तर हे होतं कसं? दुधाची रिकामी पिशवी घ्या. आपण ती धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवतो. वाळली की तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून बसतात, बोट घालून सोडवाव्या लागतात. गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीच्या स्नायूखाली अशीच एक पिशवी असते. पाय सरळ असताना तिची घडी पडते, वाकवला की उलगडते. ऑपरेशन म्हणजे शेवटी मोठी जखम. शरीर ती भरायला तंतू विणतं, तेच स्कार टिश्यू. ते व्हायलाच हवं, नाहीतर जखम भरणार कशी? पण पिशवीची घडी दिवसेंदिवस उलगडलीच नाही तर तंतू तिच्या दोन्ही भिंती शिवून टाकतात. मग गुडघा वाकत नाही. आणि मागच्या बाजूचं आवरण आखडलं तर सरळ होत नाही. सुरुवातीचे काही आठवडे हे तंतू कोवळे असतात, पुढे एकमेकांत गुंतून दोरखंडासारखे होतात. रोज उघडझाप होणाऱ्या दाराला जाळं धरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता घरच्या मंडळींना एक सांगते. काही शरीरं गरजेपेक्षा खूप जास्त तंतू विणतात. त्याला आर्थ्रोफायब्रोसिस म्हणतात. मधुमेह असला, आधी त्याच गुडघ्याचं एखादं ऑपरेशन झालेलं असलं, तर शक्यता वाढते. आणि ऑपरेशनच्या आधी गुडघा जितका वाकत होता, त्यावर नंतरचं बरंच अवलंबून असतं. दहा वर्षं दुखणं अंगावर काढून आखडलेला गुडघा नवा बसवल्यावर एकदम मांडी घालेल, ही अपेक्षाच चूक. कधी सांध्याचा भाग बसवण्यातही फरक पडलेला असतो. त्यामुळे "आईनं आळस केला" हे वाक्य जरा जपून वापरा.

वाकण्याचे आकडे कशासाठी लागतात तेही बघू. सपाट रस्त्यावर चालायला सत्तरच्या आसपास पुरतात. जिना चढा-उतरायला नव्वद ते शंभर. बुटक्या सोफ्यावरून हात न टेकता उठायला शंभराच्या थोडं पुढे. उकिडवं बसायला एकशे तीसच्या वर. अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे २००० आणि २००१ मध्ये ब्रीच कँडीत बदलले, ते डॉ. चित्तरंजन रानावत यांनी. हेच रानावत सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्यांपैकी एक. तो सुरुवातीचा गुडघा साधारण नव्वद अंश वाकायचा, आणि खुर्चीवर बसणाऱ्या लोकांचं त्यावर भागलंही. जमिनीवर जेवायला बसण्याचा हट्ट आपला! पण सरळ व्हायला काही पर्याय नाही. तिथे शून्यच लागतं. पाच-दहा अंश कमी पडले की मांडीचा स्नायू उभं राहतानाही राबत राहतो, दमतो, आणि मग कंबर बोलायला लागते.

काय करायचं? पंच्याची घट्ट गुंडाळी करा आणि ती टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली नाही, टाचेखाली. गुडघा अधांतरी, स्वतःच्या वजनाने खाली उतरू द्या. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. टीव्ही बघत चालेल. मध्ये मध्ये मांडी आवळून वाटी वर ओढा, पाचपर्यंत मोजा, सोडा. वाकवण्यासाठी पलंगावर टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घ्या म्हणजे पाय सरकतो. एका आजोबांनी नातवाचा कॅरम मागवून त्यावर पावडर टाकली होती. उत्तम कल्पना, फक्त व्यायाम संपेपर्यंत नातू रुसला. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, डॉक्टरांनी दिलेली. व्यायामानंतर बर्फ पंधरा-वीस मिनिटं, फडक्यात गुंडाळून.

आणि दाबादाबी नको. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी जावयाला गुडघ्यावर दाब द्यायला सांगायचं, हा प्रकार मी अनेक घरांत पाहिलाय. त्याने गुडघा सुजतो, सूज आली की मांडीचा स्नायू काम करेनासा होतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण होतो त्याच्या मागे. ताण जाणवला पाहिजे, डोळ्यांत पाणी नाही. सकाळी उठल्यावर सूज कालच्यापेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं, इतका सोपा हिशोब आहे.

तेलाचं विचारणार आहात, माहीत आहे. टाके निघून खपली पूर्ण गेली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की वरच्या व्रणावर खोबरेल लावून बोटांनी हलका मसाज करा. कातडी मोकळी होते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला थोडं बधिर लागेल, तिथली बारीक नस कापली जाते म्हणून, त्याला घाबरू नका. पण बाहेरून चोळून आतली पिशवी सुटत नाही. त्यापेक्षा पाय सैल सोडून वाटी दोन बोटांत धरा आणि हळूच वर-खाली हलवा. फिजिओकडून एकदा शिकून घ्या. भाड्याने मिळणारं ते पाय आपोआप हलवणारं मशीन? त्याने फार काळ टिकणारा फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्या पैशात आणखी काही दिवस माणूस बोलवा. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हापासून लोक सांध्याच्या कंपनीची चौकशी करतात आणि व्यायामाच्या फीवर घासाघीस. मला राग येतो, खोटं का बोलू.

सहा आठवडे झाले, मनापासून केलं, तरी गुडघा नव्वदलाही पोचत नाही. मग वाट बघत बसू नका, सर्जनकडे जा. भूल देऊन गुडघा वाकवून चिकटलेलं सोडवता येतं. त्याचा चांगला उपयोग साधारण पहिल्या तीन महिन्यांत, पुढे तंतू कडक झाले की हाड मोडण्याचा, वाटीची दोरी तुटण्याचा धोका वाढतो. म्हणूनच ते ऑपरेशन थिएटरमध्ये करायचं काम आहे, मालिशवाल्याने घरी करायचं नव्हे. उशीर झाला असेल तर दुर्बिणीतून चिकटलेले तंतू कापतात. दोन्ही प्रकारांत त्याच दिवशी व्यायाम सुरू. नाहीतर पुन्हा पिशवी चिकटली.

आणि यातलं काहीही करायच्या आधी आत जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासावंच लागतं. चांगला वाकणारा गुडघा अचानक आखडला, गरम लागला, ताप आला, टाक्यांतून पाणी आलं, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना. पोटरी सुजून दुखायला लागली तरी तसंच, आणि सोबत धाप लागली तर रिक्षा नाही, ॲम्ब्युलन्स.

आईचं काय झालं विचारताय? लोड माळ्यावर टाकला. टाचेखाली गुंडाळी आणि रोज पलंगाच्या कडेला पालथं झोपून पाय खाली लोंबता सोडायचा. तीन महिन्यांनी तीन-चार अंश राहिले. ते राहिलेच.

पुढचा प्रश्न. काका म्हणतायत, श्रावणात सत्यनारायण आहे, पूजेला मांडी घालून बसता येईल का? काका, सध्या तुमचा गुडघा एकशे पाच आहे, मांडी विसरा. उंच खुर्ची घ्या आणि पूजा टेबलावर मांडा. गुरुजींना आधी फोन करून सांगा, हल्ली बरेच गुरुजी स्वतःच खुर्ची मागतात. फक्त कथा चालू असताना पाय खुर्चीखाली दुमडून तासभर बसू नका, समोर लांब करा. देवाकडे पाय होतात असं वाटलं तर चौरंग जरा बाजूला सरकवा.