कोल्हापुरी गूळ: नाव मिळालं, पारखायचं कुणी?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एकदा चक्कर मारून बघा. थप्प्या लावून ठेवलेल्या असतात. खरेदीदार येतो, एखादा रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून कण बघतो, चिमूटभर तोंडात टाकतो. पण त्याच्या आधीच, लांबून चालत येतानाच, त्यानं रंग बघितलेला असतो. रवा पिवळाधमक असला की बोली चढते, तांबूस असला की तिथंच बसते. चव, वास, टिकाऊपणा हे सगळं नंतरचं. आज मला बोलायचंय ते या रंगावर, आणि ‘कोल्हापुरी’ या नावावर.

शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ देशभर गेला. गुजरातच्या व्यापाऱ्यांनी तर तो डोक्यावर घेतला. पुढं जवळजवळ एकशेवीस वर्षांनी, 2014 साली, कोल्हापुरी गुळाची भौगोलिक मानांकनात, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो त्यात नोंद झाली. जीआयचा कायदा 1999चा, अमलात आला 2003 साली, आणि त्याचं कार्यालय चेन्नईला आहे. तिथं नोंद झाली की त्या ठरलेल्या भागाबाहेर केलेल्या मालाला ते नाव लावता येत नाही. कागदावर गोष्ट एवढी सरळ आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सीमेपलीकडून, कर्नाटकातून, गुळाच्या गाड्या येतात, इथं खोकी बदलतात आणि माल ‘कोल्हापुरी’ होऊन पुढं जातो. यावर इथं शेतकऱ्यांची ओरड काही नवी नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. पलीकडचा गूळ वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. तिकडंही गूळ करणारे कसलेले गुळवे आहेत, आणि महालिंगपूरचा गूळ त्याच्या स्वतःच्या नावानं विकला जातो. शिवाय नावाची वाटणी आपण केलेलीच आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तीच चप्पल करत आले होते, म्हणून ते योग्यच झालं. पण गुळाची नोंद तशी नाही. बाहेरचा गूळ कितीही उत्तम असला तरी खोक्यावर पत्ता खोटा घातला की ती फसवणूकच.

आता थोडं लांब जाऊया, फ्रान्समध्ये. शॅम्पेन ही तिथल्या एका भागातली फसफसणारी वाइन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले द्राक्षबागायतदार भलतेच अडचणीत होते. पिकं बुडालेली, आणि मोठे व्यापारी दुसऱ्या प्रांतातून स्वस्त माल आणून त्यालाच शॅम्पेन म्हणून बाटलीत भरत होते. 1911च्या जानेवारीत बागायतदारांचा संयम सुटला. बाहेरून आलेल्या मालाच्या गाड्या त्यांनी अडवल्या आणि मार्न नदीत ढकलून दिल्या. सरकारला सैन्य पाठवावं लागलं. हे ऐकल्यावर आपल्याकडच्या ऊसदराच्या आंदोलनाची आठवण झाली नाही तर नवल.

पण नुसत्या दंग्यानं काही सुटलं नाही. हद्द कुठून कुठपर्यंत यावरच पुन्हा भांडणं पेटली. एका जिल्ह्याला आत घेतलं की शेजारचा रस्त्यावर. शेवटी 1935 साली फ्रान्सनं एक राष्ट्रीय व्यवस्था उभी केली. तिच्यात हद्दीबरोबर द्राक्षाच्या जाती, एकरी उत्पन्नाची मर्यादा, वाइन करण्याची रीत, सगळंच बांधून टाकलं. गाव कुठलं एवढ्यावर भागत नाही, माल कसा केला हेही नियमात पाहिजे, हे त्यांना फार किंमत मोजून कळलं.

आणि आता रंगाचं. हा किस्सा पोर्तुगालचा आणि त्याहून दीडशे वर्षं जुना आहे. तिथल्या डोरू नदीच्या खोऱ्यात पोर्ट नावाची वाइन होते. गिऱ्हाईक मुख्यतः इंग्रज, आणि त्यांना ती गडद लालच पाहिजे असायची. मग काय, काही जण एल्डर नावाच्या झाडाची काळी-जांभळी फळं पिळून तो रस वाइनमध्ये घालायला लागले. रंग झकास यायचा. हळूहळू बभ्रा झाला, भाव कोसळला. 1756 साली पोंबाल नावाच्या तिथल्या जबरदस्त मंत्र्यानं सूत्रं हातात घेतली. हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले, आणि दुसरं काम काय केलं असेल? एल्डरची झाडं उपटायला लावली! भेसळ करणाऱ्याला पकडत बसण्यापेक्षा भेसळीचं साधनच मुळासकट काढलं. माणूस हुकूमशाही वृत्तीचा होता, त्याची आरती ओवाळायचं कारण नाही, पण दुखणं कुठं आहे ते त्यानं बरोबर ओळखलं होतं.

आपल्या गुळाचं एल्डर म्हणजे हायड्रॉस. सोडियम हायड्रोसल्फाइट. ही पावडर रसातला रंग मारते, म्हणून गूळ पिवळा दिसतो. आणि गंमत अशी की तो पिवळेपणा टिकतही नाही. साठवणीत रंग पुन्हा उतरतो. तोवर सौदा होऊन गेलेला असतो.

ज्यांनी गुऱ्हाळ जवळून बघितलंय त्यांना हे सांगायला नको की चांगला गूळ पावडरीवर होत नाही. काहिलीत रस तापायला लागला की मळी वर येते. रानभेंडीची साल ठेचून, पाण्यात कुस्करून, तो बुळबुळीत रस काहिलीत सोडला की मळी त्यात गुंतून वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. घाई केली तर ती रसातच फिरते आणि गूळ काळपट होतो. चुन्याची निवळी किती घालायची हे ऊस बघून ठरतं. मग पाक आटत येतो, फेस बारीक होतो, आणि गुळव्या सारखा नजर लावून उभा असतो. थोडा पाक काढून गार पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी करायची, ती भांड्याच्या कडेवर आपटायची. टण्ण आवाज आला की काहील उतरवा. मिनिटभर उशीर झाला तर आधण करपलं, लवकर उतरवलं तर रवा बसत नाही, पाघळतो. हे कसब सगळं त्या माणसाच्या हातात आणि कानात आहे. त्याच्या सौद्याचा भाव मात्र रंगावरून ठरतो. भेंडीचा खर्च, मळी काढायची मजुरी, जास्तीचा वेळ, आणि वर तांबूस रंगामुळं कमी भाव. मग त्यानं पावडरीचा डबा उघडला तर दोष एकट्या त्याचा म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. मागणी ज्यांनी केली त्यांच्याकडं आधी बोट दाखवायला हवं, आणि त्यात पिवळ्या भेलीच निवडून घेणारे आपणही आलो.

जीआय मिळालं म्हणजे माल पारखून घेतला, असा एक समज सगळीकडं पसरलाय. तसं नसतं. जीआय मूळ कुठलं ते सांगतं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा. तो सांगतो की उत्पादकाची नोंद आहे, त्यानं सुरक्षिततेचे नियम पाळले पाहिजेत. अॅगमार्क ही प्रतवारी, 1937च्या कायद्यापासूनची. सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’चं चिन्ह असतं. ही चारही कामं वेगवेगळी आहेत. अंबाबाईच्या देवळाजवळ, महाद्वार रोडवर भाविकांना विकल्या जाणाऱ्या गुळाच्या पाकिटावर ठळक अक्षरात ‘सेंद्रिय’ लिहिलेलं असतं, पण चिन्ह शोधायला गेलं तर बऱ्याचदा सापडत नाही. लिहायला शाई लागते, चिन्हाला तपासणी लागते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेत असाल तर गोष्ट वेगळी, तिथं त्याचा शब्द पुरतो.

मग पारख कशी असावी? इटलीत पार्मेझान चीज करतात. एकेक चाक चाळीसेक किलोचं, आणि एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर दूध लागतं. दूध ठरलेल्या भागातलंच पाहिजे, आणि त्या गाईंना मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, घालायलाही बंदी आहे. चाक साच्यात असतानाच सालीवर डेअरीचा क्रमांक आणि महिना-साल उमटतं. बारा महिने मुरल्यावर तपासनीस येतो. हातात एक छोटी हातोडी. चाकाला सगळ्या बाजूंनी ठोकत कान लावून ऐकतो. आत कुठं पोकळी किंवा भेग असली तर आवाज बदलतो. पास झालं तर सालीवर तापलेला शिक्का बसतो. नापास झालं तर सालीवरचं नावच खरवडून काढतात. ते चीज विकता येतं, पण पार्मेझान म्हणून नाही.

हा तपासनीस डेअरीचा नोकर नसतो आणि व्यापाऱ्याचाही नसतो, तो उत्पादकांच्या संघाचा असतो. नाव काढून घ्यायचा अधिकार त्याच्याकडं आहे, आणि नावाला किंमत आहे ती त्यामुळं. आपल्याकडं नाव द्यायची सोय झाली, काढून घ्यायची कुठाय?

हे गुळापुरतं नाही. आजरा घनसाळला 2016 साली मानांकन मिळालं. बारीक, वासाचा तांदूळ. शिजला की शेजारच्या घरात कळतं. उतारा कमी, म्हणून दर जास्त, आणि म्हणूनच दुसऱ्या वासाच्या तांदळाची त्यात सरमिसळ करायचा मोह. हापूसचंही तेच. कोकणातल्या बागायतदारांनी आता क्यूआर कोडचे स्टिकर आणलेत, मोबाइल धरला की बाग कुठली ते दिसतं. चांगली सुरुवात आहे. नाशिक व्हॅली वाइनलाही जीआय आहे, पण बाटली घेणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल, देव जाणे.

आणि नाव सांभाळलं नाही तर ते जातं. चेडर हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव, आज ते चीज जगात कुठंही होतं आणि त्या गावाला त्याचं काही मिळत नाही. उलट ग्रीसनं फेटा या चीजसाठी वर्षानुवर्षं युरोपच्या कोर्टात भांडून 2005 साली नाव आपल्याकडंच ठेवलं. आपल्याच ‘कोल्हापुरी’चं हॉटेलांच्या मेनूवर काय झालंय बघा. व्हेज कोल्हापुरी म्हणून जे लाल तिखट तवंगाचं ताटात येतं, ते कोल्हापुरातल्या कुठल्या घरात शिजतं हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. ते नाव आता परत येणार नाही, त्याचा नाद सोडून दिलेला बरा. गुळाचं अजून हातात आहे.

माझं मागणं मोठं नाही. सौद्याला माल उतरला की थप्पीतला नमुना काढावा, हायड्रॉस आणि वरून मिसळलेली साखर यांची तपासणी व्हावी आणि त्याची चिठ्ठी थप्पीला लावावी. बोली त्यानंतर. जीआयचा शिक्का चिठ्ठीवाल्या मालालाच, आणि तोही नोंदणी केलेल्या वापरकर्त्याच्याच खोक्यावर. कायद्यात अशा अधिकृत वापरकर्त्यांची तरतूद आहे. बाजार समितीनं नुसती नोंद करून भागत नाही, गुऱ्हाळवाल्यानं स्वतःचं नाव त्यात घालून घ्यावं लागतं. गुऱ्हाळघरं आधीच झपाट्यानं कमी झालीत, मजूर मिळत नाही, ऊस कारखान्याला घातला की कटकट मिटते. जे अजून चुलवाण पेटवतात त्यांना हा कागदाचा व्याप एकट्यानं झेपणार नाही, तिथं बाजार समितीनं आणि संघांनी हात द्यायला हवा.

घरच्या चाचण्यांबद्दल खूप जण विचारतात. गूळ पाण्यात विरघळवला आणि तळाला पांढरा गाळ बसला तर खडूची भुकटी असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. हायड्रॉस मात्र जिभेला कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. मोबाइलवर फिरणाऱ्या बाकीच्या युक्त्यांवर माझा विश्वास नाही. संक्रांतीचा गूळ घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा, हा कुठल्या गुऱ्हाळाचा? त्याला सांगता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात विचारा. आणि त्यानं पिवळ्याशेजारी तांबूस भेली ठेवल्या असतील, तर यंदा त्यातली एक घेऊन बघा.

नमस्कार.