टोपी, कांदा आणि कुमुदिनी

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणी फ्रेंच शिकत असेल तर त्याला हाक मारा, कारण आज बोलायचंय फ्रेंच स्पेलिंगबद्दल.

गोष्ट फेब्रुवारी २०१६ची. फ्रान्समध्ये टीव्हीवर बातमी झळकली, की सप्टेंबरपासून शाळेच्या पुस्तकांत नवं स्पेलिंग येणार. ‘ओन्यों’, म्हणजे आपला कांदा, त्यातला आय जाणार. आय आणि यू या अक्षरांवरची सर्कमफ्लेक्स नावाच्या खुणेची (^) टोपी बऱ्याच शब्दांतून उतरणार. झालं! लोक खवळले. ‘शार्ली एब्दो’ या साप्ताहिकावरच्या हल्ल्यानंतर गाजलेल्या ‘मी शार्ली’ या घोषणेच्या चालीवर ‘मी सर्कमफ्लेक्स’ असा हॅशटॅग फिरला. शिक्षणमंत्री नजात व्हालो-बेल्कासेम यांनी भाषा बुडवली म्हणून ओरड सुरू. बाई म्हणाल्या, अहो, हा निर्णय माझा नाहीच! आणि खरंच नव्हता. हे बदल ६ डिसेंबर १९९० रोजी फ्रेंच सरकारच्या राजपत्रात छापून आले होते. पुन्हा सांगते, १९९०! फ्रेंच भाषेची राखण करणारी संस्था म्हणजे फ्रेंच अकादमी, तिची संमतीही तेव्हाच मिळाली होती. पंचवीस वर्षं बहुतेकांनी दखलच घेतली नाही, आणि एका बातमीने कांदा राष्ट्रीय प्रश्न झाला.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्या यादीत ‘नेन्युफार’ हा शब्द होता. नेन्युफार म्हणजे तळ्यातली कुमुदिनी. पूर्वी त्यात ‘फ’साठी पी-एच लिहीत, आता एफ लिहा, असं ठरलं. त्यावर परंपरेचे रखवालदार चिडले. पी-एच म्हणजे कसं, ग्रीक, भारदस्त! आता ऐका. हा शब्द ग्रीक नाहीच. तो अरबी-फारसीतून युरोपात गेला, आणि त्याचं मूळ सापडतं ते आपल्या संस्कृत ‘नीलोत्पला’त. खुद्द अकादमीचा शब्दकोश आधी एफच लिहायचा. १९३५च्या आवृत्तीत पी-एच शिरला. कुमुदिनीसाठीचा ‘नँफेआ’ हा दुसरा शब्द खरोखरच ग्रीक आहे, चित्रकार मोनेच्या चित्रांमुळे ऐकला असेल, त्याच्याशी गल्लत झाली. म्हणजे लोक ज्या पी-एचसाठी भांडत होते, तोच नवखा. जुना होता तो एफ!

आपल्याकडे १९६२ साली न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तेव्हाही कुरकुर झालीच होती. माझं तर मत आहे, ऱ्हस्व-दीर्घासाठी पोरांचे गुण कापणाऱ्यांनी आधी गावातल्या पाट्या वाचाव्यात.

तर शिकणाऱ्यांनी करायचं काय? दोन्ही स्पेलिंगं बरोबर. जुनंही बरोबर, नवंही बरोबर. वाचताना दोन्ही ओळखता यायला हवीत, कारण वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या अजून बऱ्याचदा जुनंच छापतात. लिहिताना एक धरा आणि तेच ठेवा. नव्याचा फायदा विशेषतः आकड्यांत आहे. अक्षरी आकडा लिहिताना सगळे शब्द छोट्या आडव्या रेघेने जोडायचे, एकवीस असो की दोनशे तीन. आधी कुठे रेघ आणि कुठे नाही, हे पाठ करावं लागायचं. कांद्याचंही तसंच. ओ आणि आय दिसले की ‘वा’ म्हणायचं, असं शिकलेलं मूल ‘वान्यों’ वाचतं, आणि त्याचा काही दोष नसतो.

टोपी मात्र सरसकट काढू नका. ए, ई आणि ओ वरची तशीच राहते. आय आणि यू वरचीही काही ठिकाणी ठेवायचीच. ‘स्युर’ घ्या. टोपी असेल तर अर्थ ‘खात्रीचा’, टोपी काढली की ‘वर’, टेबलावर म्हणतो तसा.