सरकारी वकील आपला नसतो

(दृश्य: पुणे, शिवाजीनगर न्यायालयाचं आवार. सकाळ.)

साडेदहा वाजलेत. काळे कोट लगबगीनं पायऱ्या चढतायत, आणि गर्दीत एक माणूस कुठल्या दारात शिरावं या विचारात उभा आहे. हा माणूस आम्ही कल्पिलेला. पण इथं तासभर थांबलात तर त्याच्यासारखे चार भेटतील.

टेम्पो चालवायचा. गाडी लावण्यावरून भांडण झालं, समोरच्यानं लोखंडी गज घातला, उजवं कोपर मोडलं. आरोपीला अटक झाली, जामीनही झाला. टेम्पो मात्र जागेवर उभा आहे, आणि बँकेचे हप्ते चालूच आहेत.

त्याची समजूत अशी, की सरकारी वकील आपलाच. मग भरपाईही तोच मिळवून देईल.

खटला चालतो महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी असा. फिर्याद याची असली तरी त्या खटल्यात हा फक्त साक्षीदार. शिक्षा सुनावताना न्यायाधीश भरपाईचा आदेश देऊ शकतात, पण त्याआधी गुन्हा शाबित व्हायला हवा. दवाखान्याचं बिल, बुडालेली कमाई, जन्माचं अधू झालेलं कोपर, या सगळ्याचा पुरता हिशेब मागायचा तर दिवाणी दावा लावावा लागतो. त्यासाठी वकील आपला आपण बघायचा.

फौजदारी निकालाची वाट बघायची गरज नाही. वाट बघणाराच फसतो. १९६३च्या मुदत कायद्यानुसार अशा मारहाणीच्या दाव्याला साधारण ३ वर्षं मिळतात. गुन्ह्यात माणूस दगावला, तर वारसांना २. बदनामीला १. तिकडे तारखांवर तारखा पडतात म्हणून इकडची मुदत थांबत नाही.

(दृश्य: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पाटी.)

वकील शोधायचा कसा? आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे सगळा कारभार ओळखीपाळखीवर, आणि ओळख नसलेला माणूस दारातच अडतो. त्यानं आधी या पाटीखाली यावं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन करायचा तर १५१००.

याच कार्यालयात आणखी एक अर्ज करता येतो, सरकारच्या पीडित नुकसानभरपाई योजनेचा. आरोपी सापडलाच नसेल, तरी हा अर्ज चालतो. हे फार थोड्यांना माहीत असतं, पोलीस ठाण्यातही कुणी आपणहून सांगेल याची खात्री नाही.

खासगी वकील करायचा असेल तर आधी फी लिहून घ्यावी. ‘भरपाई मिळाली की त्यातले इतके टक्के’ असा सौदा करायला वकिलाला मनाई आहे. तो तशी बोली करू लागला, तर दुसरा वकील बघावा. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: दरखास्ती किती चालवल्यात? कारण हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, हातात पडला म्हणजे पैसे हातात पडले असं होत नाही. त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा दरखास्त लावावी लागते, आणि समोरच्याच्या नावावर काहीच नसेल तर जप्ती कशाची आणणार? जाणता वकील म्हणूनच पहिल्या भेटीत जखमेच्या आधी समोरच्याचं घर, गाडी, जमीन विचारतो. ऐकणाऱ्याला ते कोरडं वाटतं. मालमत्ता विकून टाकण्याची चिन्हं दिसत असतील, तर निकालाआधीच जप्तीचा अर्ज करता येतो.

(दृश्य: टेबलावर कागद.)

एफआयआरची प्रत, जखमेचा दाखला, बिलं, हप्त्यांची पावती. वकील असेल तर दोषारोपपत्राची प्रतही आता पीडिताला फुकट मिळते. २०२४पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेनं दिलेली ही सोय.

वकीलपत्र पुढे सरकतं. तो डाव्या हातात पेन धरतो. सही वाकडी येते. वकीलसाहेब म्हणतात, “असू द्या. खाली अंगठाही उठवा.”