स्पितीच्या रस्त्यावर दुपार टाळायची

मंडळी, मनालीजवळचा अटल बोगदा 2020 ला सुरू झाल्यापासून आपल्याकडचे बरेच ग्रुप मनालीवरूनच हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात घुसतात, पण माझं ऐकाल तर जाताना शिमल्याकडून, किन्नौरमधून जा. मनाली साधारण 2000 मीटरवर आणि त्याच दिवशी तुम्ही 4500 मीटरच्याही वर कुंझुम खिंडीत पोचता, मग विरळ हवेने डोकं धरणारच. किन्नौरकडून उंची हळूहळू वाढते आणि मुख्य म्हणजे सतलजची घळ बघायला मिळते, जी माझ्या मते या अख्ख्या प्रवासातली सगळ्यात भारी गोष्ट आहे.

सतलज तिबेटातून येते, म्हणजे हिमालयाच्या पलीकडून, आणि पूर्ण रांग कापून अलीकडे उतरते. हे कसं शक्य आहे? तर हिमालय उचलला जायच्या आधीपासून नदी तिथे होतीच, डोंगर वर येत गेला आणि ती खाली कापत गेली. तरंडा ढांक या कड्यापाशी तर रस्ता कड्यात कोरलेला आहे, डोक्यावर खडक लोंबतोय, बाजूला खोल खाली पाणी, आणि तिथल्या देवीपाशी गाडी थांबवून हात जोडल्याशिवाय ड्रायव्हर लोक सहसा पुढे जात नाहीत. पुढे निगुलसरीला ऑगस्ट 2021 मध्ये बसवर दरड कोसळून 28 माणसं गेली. तिथून जाताना गाडीत कुणीच काही बोललं नाही.

आता आपल्या सह्याद्रीत दरड म्हटलं की पाऊस. वरंधा घाट म्हणा, माळशेज म्हणा, जुलै-ऑगस्ट आला की आपण सावध होतो. किन्नौरच्या वरच्या भागात मात्र निळंशार आकाश असताना दगड येतात, रात्री भेगांतलं पाणी गोठतं, दिवसा उन्हाने सुटतं, दुपारी वारा सुटला की सैल झालेला मुरूम घरंगळायला लागतो. पूह गावाच्या अलीकडे आम्ही असेच अडकलो, समोर एक माणूस शिट्टी घेऊन वर कड्याकडे बघत उभा आणि एकेक गाडी सोडतोय. आमच्या किन्नौरी ड्रायव्हरने आधी गाणी बंद केली, मग सगळ्या काचा खाली करायला सांगितल्या, एवढी धूळ येत असताना काचा खाली कशाला म्हणून आम्ही विचारलं तर म्हणाला, दगड दिसायच्या आधी ऐकू येतो. शिट्टी झाली, गाडी सुटली आणि आम्ही पार गेल्यावर मागे खडखडाट झाला.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून ‘का लूप्स’ नावाची वळणं चढून नाको गाव, मग ताबो, तिथला 996 सालचा गोंपा म्हणजे बौद्ध मठ, मातीच्या भिंती आणि आत अंधारात चित्रं, त्याला निवांत वेळ द्या. पुढे उंचावरच्या किब्बर गावाला गेल्यावर आमच्यातल्या एका काकूंना उलट्या सुरू झाल्या, डोकं फुटेल असं दुखायला लागलं. हा उंचीचा त्रास, अशा वेळी गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, सरळ खाली उतरायचं. वाटेतल्या काझा गावातही न थांबता आम्ही त्यांना ताबोला आणलं, जवळजवळ 1000 मीटर खाली, आणि सकाळी त्या स्वतः चहा मागायला किचनमध्ये गेल्या.

परतीला कुंझुमवरून मनालीच्या बाजूला उतरलो. बातल ते छत्रू हा पट्टा म्हणजे रस्ता कमी आणि गोटे जास्त, आणि मधे नाले. हे नाले हिमनदीचे, त्यामुळे पहाटे पाणी घोट्याएवढं असतं आणि ऊन चढलं की बर्फ वितळून तेच पाणी मांडीपर्यंत येतं. आम्ही कुंझुमच्या अलीकडच्या लोसर गावाहून अंधारात निघालो ते यासाठीच. तरी ‘छोटा दडा’ नावाच्या ठिकाणाजवळ पुढचा एक टेम्पो मधोमध रुतला होता, चाक दोन धोंड्यांमध्ये, आत लहान पोरं. आमचा ड्रायव्हर पँट वर करून उतरला, काठीने तळ चाचपला, चाकाखाली चपटे दगड सरकवले, ते पाणी इतकं गार की दोन मिनिटांत पाय बधिर, म्हणून माणसं आळीपाळीने उतरत होती. आधी पोरांना खांद्यावरून पलीकडे नेलं, मग ट्रकला दोर बांधून टेम्पो ओढला.

या सगळ्यात उन्हं वर आली होती. आम्ही पार झालो तेव्हा पाणी दरवाज्याच्या पायरीला लागत होतं, आणि आमच्या मागून आलेल्या छोट्या गाड्यांनी नाला बघितला नि सरळ बातलला मागे फिरल्या, दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची वाट बघायला.