सांगा, पण आडवे येऊ नका

नमस्कार. विषय तुम्ही ऐकलाच: फोनवरच्या सूचना आणि आपलं लक्ष. मला त्यातलं एकच मांडायचं आहे. फोनने मला एखादी गोष्ट कळवणं वेगळं आणि मी काही करत असताना माझ्या हातातल्या कामावर येऊन उभं राहणं वेगळं. पहिल्याला माझी ना नाही. दुसऱ्याचा हक्क आपण कसा देऊन बसलो आणि तो परत कसा घ्यायचा, हे आज सांगायचं आहे.

पण आधी एक प्रसंग सांगतो, कारण तो घडला नसता तर मी या विषयाच्या इतका मागे लागलो नसतो.

माझे एक सर गेले. त्यांच्या शोकसभेत बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, माझ्याकडे एक काम दिलं. सरांनी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना शेवटची मेल लिहिली होती, ती वाचून दाखवायची. मी ती फोनवरूनच वाचत होतो. अक्षर मोठं केलं होतं आणि ओळ चुकू नये म्हणून शब्दांखालून बोट फिरवत होतो. लहान मूल पुस्तक वाचतं ना, तसं. फोन विमान मोडवर टाकायला हवा होता, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. पण कोणी वाट चुकलं, कोणाला उशीर झाला, असे फोन शेवटच्या क्षणापर्यंत मलाच येत होते.

सरांनी लिहिलं होतं, ‘मी शिकवलेलं सगळं विसरलात तरी माझी हरकत नाही, पण’. या ‘पण’वर ओळ संपत होती आणि ती ओळ स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला होती. माझं बोट तिथेच होतं. तेवढ्यात वरून एक पट्टी सरकन खाली आली, नेमकी बोटाखाली. काचेपासून जरा वर असलेलं बोट दचकून तिच्यावर टेकलं आणि मी ते उचललं. फोनच्या लेखी बोट टेकून उचलणं म्हणजे ‘उघड’. मेल गेली आणि स्क्रीनभर एका सेलची जाहिरात आली. लाल-पिवळा रंग आणि उरलेले तास, मिनिटं, सेकंद मोजणारं घड्याळ.

सभागृह गप्प होतं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी मागे गेलो तर मेल पहिल्या ओळीपासून उघडली. सरकवत सरकवत त्या जागी पोहोचायला पंधरा-वीस सेकंद गेली असतील. मग मी ते वाक्य पुरं केलं: ‘पण वहीत तारीख घालायला विसरू नका.’

आता हे तुम्हाला कळायचं नाही, पण त्या सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं असतं. तारीख नसलेली वही सर तपासायचेच नाहीत. ‘पण’नंतर लगेच ‘वहीत तारीख’ आलं असतं तर सगळे हसले असते आणि त्या हसण्यातच रडले असते. सरांनी ते त्याचसाठी तसं लिहिलं होतं. मी वाचलं तेव्हा कोणी हसलं नाही. मधल्या वीस सेकंदांत वाक्याचा जीव गेला होता. ती जागा पुन्हा येत नाही हो. सभा पुन्हा घेता येते, पण तो क्षण पुन्हा मांडता येत नाही.

घरी येऊन मी बघितलं, ही सूचना आली कुठून. एकदा काहीतरी मागवलं होतं, ते कुठवर आलं हे कळावं म्हणून सूचनांना परवानगी दिली होती. ते सामान कधीच येऊन पोहोचलं होतं, पण परवानगी राहिली होती. बोट दिलं होतं, मनगट धरलं गेलं.

(सभागृहात एक फोन वाजतो.) थांबा, बंद करू नका. घरून आहे का? मग घ्या, बाहेर जाऊन निवांत बोला, आम्ही आहोत इथेच. बघा, हे बरं झालं. याबद्दल माझी तक्रार नाहीच. त्या टोकाला एक माणूस आहे, तो आत्ता, या घडीला उत्तराची वाट बघतो आहे. त्याने मध्ये यावं. गजर मी स्वतः लावलेला असतो, त्यानेही यावं. गाडी चालवताना वळण आलं हे नकाशाने सांगावं. सेलला माझ्या उत्तराची वाट नसते, त्याला फक्त माझं बोट हवं असतं.

आता थोडा इतिहास. मला तो फार आवडतो, त्यामुळे दोन मिनिटं जास्त लागतील.

पॉप-अप, म्हणजे न मागता समोर उघडणारी खिडकी, हा प्रकार फोनच्या आधीचा आहे. एथन झुकरमन हे नाव लक्षात ठेवा. १९९० च्या दशकात ते ट्रायपॉड नावाच्या संकेतस्थळावर काम करत होते. लोक तिथे स्वतःची पानं बनवत आणि त्या पानांवर जाहिराती लागत. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या मजकुराच्या शेजारी लागली आणि कंपनी भडकली. मग झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे हेतू काय होता? जाहिरात मजकुरापासून लांब ठेवणं! लांब ठेवण्यासाठी काढलेली खिडकी मजकुराच्या छातीवर जाऊन बसली. २०१४ मध्ये त्यांनी लेख लिहून याची जाहीर माफी मागितली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. आपण बनवलेल्या गोष्टीने लोकांना त्रास झाला, हे नाव घालून लिहिणारे फार थोडे.

पुढे काय झालं ते आज जास्त महत्त्वाचं आहे. ज्यांनी त्या काळात संगणक वापरला त्यांना आठवत असेल, एक खिडकी बंद केली की दुसरी उघडायची. आपण फुल्या दाबून दाबून थकलो, पण आपल्या फुल्यांनी पॉप-अप संपले नाहीत. ब्राउझर बनवणाऱ्यांनी नियम बदलला तेव्हा त्यांचा जोर ओसरला. फायरफॉक्स आला तो त्यांना अडवतच आला आणि २००४ च्या विंडोज एक्सपीच्या मोठ्या सुधारणेत इंटरनेट एक्सप्लोररमध्येही तीच सोय आली. नियम साधा होता: माणसाने स्वतः क्लिक केलं असेल तर नवी खिडकी उघडू द्यायची, पान आपल्या मनाने उघडायला गेलं तर नाही. माझ्या मते संगणकाच्या इतिहासातल्या सर्वांत सभ्य नियमांपैकी हा एक.

आणि मग फोन आला, आणि हा नियम त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. जून २००९ मध्ये ॲपलने आयफोनवर पुश सूचना, म्हणजे ॲप उघडं नसतानाही येणाऱ्या सूचना, सुरू केल्या. कारण चांगलं होतं. प्रत्येक ॲपने मागे जागं राहून ‘काही नवं आहे का’ असं सारखं विचारलं तर बॅटरी टिकत नाही, म्हणून सगळ्यांसाठी एकच वाट ठेवली. पण ती सूचना यायची कशी? स्क्रीनच्या मधोमध एक चौकट, तिला दोन बटणं, आणि त्यातलं एक दाबेपर्यंत हातातलं काम ठप्प. २०११ मध्ये ती चौकट जाऊन वरची पट्टी आली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. अँड्रॉइडवर उलटं झालं. तिथे सूचना पहिल्यापासून वरच्या पडद्याआड गुपचूप जमा व्हायच्या, आपण पडदा ओढला की दिसायच्या. २०१४ मध्ये अँड्रॉइडची लॉलीपॉप ही आवृत्ती आली आणि महत्त्वाच्या सूचना चालू कामावर तरंगायला लागल्या. महत्त्वाची कुठली हे ठरवणार कोण, तर पाठवणारा! आपल्याच निरोपाला बिनमहत्त्वाचा म्हणणारा कोणी बघितला आहे का तुम्ही? हात वर करा. नाही ना?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं म्हणतात. मुख्य मुद्दा राहिला आहे, तेव्हा भराभर सांगतो.

एक आक्षेप नेहमी येतो: दुर्लक्ष करा की, न बघितलं म्हणजे झालं. तसं होत नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना लक्ष लागेल असं काम दिलं आणि मध्ये त्यांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. लोकांनी फोन हातात घेतला नाही, तरी चुका वाढल्या. फोन थरथरला एवढंच पुरलं. मन तेवढ्यात जाऊन येतं, आणि परतलेलं मन नेमकं त्याच शब्दावर उतरतं असं नाही.

दुसरा आक्षेप: मग सगळंच बंद करा. हेही खरं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांना सूचना दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा दिल्या, काहींना अजिबात दिल्या नाहीत. गठ्ठ्याने मिळालेल्यांना बरं वाटलं. काहीच न मिळालेल्यांची घालमेल वाढली, आपल्याला काही कळायचं राहून तर जात नाही ना, म्हणून. म्हणजे माणसाला कळायला हवंच असतं. कळवण्याची वेळ त्याच्या हातात हवी.

तेव्हा मागणी अशी. आज ॲप विचारतं, ‘सूचना पाठवू का?’ अँड्रॉइडवर तर हे विचारणंसुद्धा २०२२ पासून, तेराव्या आवृत्तीत, सक्तीचं झालं. पण ‘हो’ म्हटलं की यादीत येणं, वाजणं आणि कामावर तरंगणं, सगळ्याचं दार एकदम उघडतं. हा प्रश्न फोडा. ‘पाठवू का?’ वेगळं आणि ‘मध्ये येऊ का?’ वेगळं. दुसऱ्याचं उत्तर मुळात ‘नाही’ असावं, आणि मी सेटिंगमध्ये जाऊन स्वतः ‘हो’ करेपर्यंत ते तसंच राहावं. हे अशक्य नाही. आयफोनवर २०१८ पासून अशी सोय आहे की ॲप न विचारता सूचना पाठवू शकतं, पण ती आवाज न करता, पट्टी न दाखवता, थेट यादीत जाऊन बसते आणि तिथेच विचारते की मला ठेवायचं की बंद करायचं. फक्त ती वापरायची की नाही हे ॲप बनवणाऱ्यावर सोडलं आहे. ते त्याच्यावर का सोडायचं? २००४ मध्ये पॉप-अप अडवताना कुठल्या जाहिरातदाराला विचारलं होतं?

ते होईपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. पट्टी आली की ती झटकून टाकू नका, झटकलेली उद्या परत येते. तिच्यावर बोट दाबून धरा, किंवा आयफोन असेल तर सेटिंगमधल्या सूचनांच्या यादीत त्या ॲपवर जा. अँड्रॉइडवर ‘स्क्रीनवर पॉप करा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, आयफोनवर ‘बॅनर’ असा. तेवढाच बंद करा, सूचना चालू राहू द्या. त्या यादीत येतील, तुम्ही जाल तेव्हा दिसतील. कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात आणि काही फोनमध्ये हे दोन-तीन पायऱ्या आत असतं, त्यामुळे एकट्याने सापडायला वेळ लागतो.

घंटा झाली. ज्यांना ते सापडत नसेल त्यांनी फोन घेऊन व्यासपीठाच्या डाव्या पायरीपाशी या. मी तिथे थांबतो आहे, शेवटचा फोन होईपर्यंत.